लाडक्या सशाचा वियोग

मनुष्याच्या आयुष्यांत दुःखाचे प्रसंग अनेक येतात. परंतु त्यांपैकीं कांहीं असे असतात कीं, त्यांविषयीं चारचौघांत बोलावयासहि मनुष्यास लाज वाटते. घरांतील वडील माणूस वारलें म्हणजे शेजारीपाजारी भेटावयास येतात, आप्तेष्ट सांत्वन करितात, शाळेंतहि मुलास चार दिवसांची रजा मिळते. परंतु घरांत पाळलेला ससा मेला तर? "ससाच होता ना? दुसरा आणूं," एवढ्या एका वाक्यांत त्या प्रकरणाचा निकाल लागतो. ज्या मुलानें त्या सशास दोनतीन वर्षें आपल्या हातानें चारा घातला, त्याचें दुःख मात्र त्या वाक्यानें नाहींसें होत नाहीं. तें केवळ मुकें होतें.

ह्या मुक्या दुःखाचा विचार करण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे. विषय क्षुल्लक आहे असें कित्येक पालकांस वाटण्याचा संभव आहे. आमचें मत तसें नाहीं. पुष्कळ मुलांच्या आयुष्यांत मृत्यु पहिल्यानें येतो तो आजोबांच्या किंवा आजीच्या रूपानें नव्हे, तर पिंजऱ्यांतील एखाद्या लहानशा प्राण्याच्या रूपानें. त्या वेळीं घरांतील वडील मंडळी मुलाशीं खरें बोलतात कीं खोटें, त्याचें रडूं ऐकून घेतात कीं त्यास हसतात, ह्यावर पुढील मोठीं दुःखें तें मूल कसें सोसील हें पुष्कळ अंशीं अवलंबून असतें. म्हणून ह्या लहान दुःखाकडे नीट पाहणें अगत्याचें आहे.

प्रथम ससा हा प्राणी कसा आहे, तें पाहूं. आपल्या डोंगररानांत आढळणारा ससा आणि घरांत पाळावयाचा पांढरा ससा ह्या दोहोंस आपण एकच नांव देतों. वास्तविक हे दोन निराळे प्राणी होत. रानसशाची मादी उघड्यावर, गवतांतील एखाद्या खळग्यांत पिलांस जन्म देते, आणि तीं पिलें जन्मतःच डोळे उघडलेलीं व अंगावर केंस असलेलीं अशीं असतात. पाळीव सशाचे पूर्वज मूळचे युरोपांतील स्पेन-पोर्तुगालकडील. ते जमिनींत बिळें करून कळपानें राहतात, आणि त्यांचीं पिलें जन्मतः आंधळीं व उघडीं असतात. रानससा बहुधा एकटा फिरतो. पाळीव सशाच्या रक्तांत मात्र सोबतीची ओढ आहे. रोज ठराविक वेळीं चारा घेऊन येणाऱ्या मुलाची चाहूल तो ओळखूं लागतो, त्याच्या पायांभोंवतीं फेऱ्या घालतो, आणि हळूहळू त्यास आपल्याच कळपांतील एक समजूं लागतो.

हें प्रेम फार बोलकें नसतें. कुत्रा भुंकतो, शेंपूट हलवितो. मांजर अंग घासून गुरगुर करितें. ससा बहुतेक मुकाच. आनंद झाला म्हणजे तो हवेंत उडी घेऊन अंगास पीळ देतो. समाधान वाटलें म्हणजे दांतांवर दांत हलकेच घासतो. भय वाटलें म्हणजे मागचा पाय जमिनीवर आपटतो. आणि जीव लागला म्हणजे हात चाटतो. ह्या खुणा पाहुण्याच्या ध्यानांत येत नाहींत. त्या ठाऊक असतात त्या सशाची निगा ठेवणाऱ्या मुलास. म्हणूनच ससा मेल्यावर बाहेरच्या माणसास एक रिकामा पिंजरा दिसतो, आणि मुलास मात्र दिवसाचा प्रत्येक प्रहर रिकामा वाटूं लागतो. सकाळीं उठल्यावर हात आपोआप चाऱ्याकडे जातो. भाजी निवडतांना आई कोथिंबिरीच्या काड्या संवयीनें बाजूस काढून ठेविते. रात्रीं पाय आपटल्याचा भास होतो. शोक हा केवळ मनांत राहत नाहीं. तो अशा लहानसहान संवयींत दडलेला असतो.

मग ह्या शोकाची लोकांस थट्टा कां वाटावी? अमेरिकेंतील केनेथ डोका ह्या अभ्यासकानें इ. स. १९८९ मध्यें ह्याच प्रकारच्या दुःखावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. जें दुःख खरें असतें, परंतु जें करण्याचा अधिकारच समाज मनुष्यास देत नाहीं, अशा दुःखास त्यानें एक निराळें नांव दिलें. आपण त्यास 'हक्क नाकारलेला शोक' असें म्हणूं. पाळीव प्राण्याचा मृत्यु हें त्याचें एक ठळक उदाहरण होय. अशा शोकांत मनुष्यावर दोन ओझीं पडतात: एक गमावल्याचें आणि दुसरें लपविण्याचें. पहिलें ओझें काळानें हलकें होतें. दुसरें आपण आपल्या हातांनीं त्याच्या डोक्यावर ठेवीत असतों, आणि म्हणून तें उतरविणेंहि आपल्याच हातीं आहे.

सर्व काळीं सर्व लोकांनीं हा हक्क नाकारला होता असेंहि नाहीं. प्राचीन मिसर देशांत घरांतील मांजर मेलें म्हणजे घरचीं सर्व माणसें शोकाची खूण म्हणून भिंवया काढून टाकीत, असें हिरोडोटस ह्या ग्रीक इतिहासकारानें लिहून ठेविलें आहे. महाभारताच्या अखेरीस युधिष्ठिर आपल्यामागून आलेल्या कुत्र्यास सोडून स्वर्गांत पाऊल टाकावयास तयार होत नाहीं, ही कथा आपल्याकडे लहान मुलासहि ठाऊक आहे. बायबलाच्या जुन्या करारांत नाथान संदेष्टा दाविद राजास एका गरीब माणसाची गोष्ट सांगतो. त्या माणसापाशीं एकच मेंढी होती. ती त्याच्या घांसांतला घांस खाई व त्याच्या कुशींत निजे. शेजारच्या श्रीमंतानें ती हिरावून मारली, हें ऐकतांच राजा संतापला. एका मेंढीकरितां राजानें संतापावें ह्यांत त्या काळच्या श्रोत्यांस कांहीं विचित्र वाटलें नसावें.

परंतु सशाच्या वियोगाविषयीं बोलावयाचें तर एका इंग्रज कवीची हकीकत सांगितल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. विल्यम कूपर (इ. स. १७३१–१८००) हा इंग्लंडांतील ऑल्नी नांवाच्या लहानशा गांवीं राहत असे. तेथील धर्मोपदेशक जॉन न्यूटन ह्याच्याबरोबर त्यानें रचिलेलीं भक्तिगीतें इ. स. १७७९ मध्यें प्रसिद्ध झालीं. ह्या कवीस खिन्नतेचा आजार वारंवार जडे. इ. स. १७७४ मध्यें अशाच अवस्थेंत असतां त्यास ना पुस्तकांत गोडी वाटे, ना माणसांच्या संगतींत. शेजारच्या मुलांस कोणीं रानसशाचें सुमारें तीन महिन्यांचें एक पिलूं खेळावयास दिलें होतें. मुलें त्यास कंटाळलीं, पिलाची आबाळ होऊं लागली, तेव्हां त्यांच्या बापानें तें कूपरास देऊं केलें. ही बातमी पसरतांच लोक आणखी पिलें घेऊन येऊं लागले. कूपरानें त्यांपैकीं तीन ठेवून घेतलीं, आणि सुतारकाम हातीं घेऊन त्यांस निजावयास स्वतः लांकडी घरें करून दिलीं.

पस, टायनी आणि बेस अशीं त्यांचीं नांवें. नांवांवरून दोघी माद्या वाटतील, पण तिघेहि नर होते, असें कूपरानें मुद्दाम नमूद केलें आहे. तिघांचे स्वभाव तीन प्रकारचे. बेस पहिल्यापासूनच धीट व माणसाळलेला. पस एकदां आजारी पडला असतां कूपरानें त्याची शुश्रूषा केली. बरा झाल्यावर पसनें त्याचा हात चाटला. प्रथम हाताची मागील बाजू, मग तळवा, मग एकेक बोट, मग बोटांमधील जागा, असा क्रम त्यानें पाळला. पुढें बागेंत जावेंसें वाटलें म्हणजे तो कूपराच्या गुडघ्यावर पुढच्या पायांनीं ठोके देऊन त्यास बोलावी. टायनीवर मात्र कितीहि माया केली तरी तिचा उपयोग झाला नाहीं. तो गुरकावी, पुढचे पाय मारी, चावे घेई.

बेसची वाढ पुरी होते न होते तोंच तो मेला. त्याचें खोकें धुतलें होतें. तें ओलें असतांच त्यास आंत सोडण्यांत आलें, आणि तेंच त्याच्या मृत्यूचें निमित्त झालें. कूपरानें हें सरळ एका वाक्यांत सांगितलें आहे. टायनी आठ वर्षांहून अधिक जगला. त्याच्या मृत्यूनंतर कूपरानें त्याजवर मृत्युलेखाची कविता लिहिली. इ. स. १७८४ मध्यें 'जंटलमन्स मॅगझीन' नांवाच्या मासिकांत तिघांची हकीकत आणि ही कविता हीं दोन्ही छापून आलीं. वाचकांनीं एक गोष्ट ध्यानांत घ्यावी: कवितेचा मान मिळाला तो हात चाटणाऱ्या पसला नव्हे, तर चावणाऱ्या टायनीला. त्याच्या हट्टी स्वभावानेंहि आपल्या खिन्न मनास हसूं येत असे, असें कवीनें म्हटलें आहे. प्रेमास पात्र होण्याकरितां प्राण्यानें गोड वागलेंच पाहिजे असें नाहीं. त्यानें आपल्या दिवसांत जागा घेतली, एवढें पुरेसें आहे.

शेवटीं ता. ९ मार्च १७८६ रोजीं पसहि गेला. कूपराच्या कागदपत्रांत त्याविषयीं एक लहानसें टिपण सांपडलें: वय अकरा वर्षें अकरा महिने; वेळ दुपारीं बारा व एक ह्यांच्या दरम्यान; कारण केवळ वार्धक्य; वेदना झाल्याचें दिसलें नाहीं. अशी नोंद आपण आपल्या वडीलधाऱ्या माणसांची ठेवितों. अडीचशें वर्षांपूर्वीं एका नामांकित कवीनें ती एका सशाची ठेविली, आणि त्याची त्यास लाज वाटली नाहीं. ऑल्नी येथील त्याच्या राहत्या घरांत आज वस्तुसंग्रहालय आहे.

ह्या हकीकतींतून तीन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. कूपरानें मृत्यूचें कारण लपविलें नाहीं. त्यानें मेलेल्या प्राण्यास नांवानिशीं आठवलें. आणि एक गेला म्हणून उरलेल्यांवरील त्याची माया उणी झाली नाहीं. आपल्या घरीं असा प्रसंग आला असतां ह्याच तीन गोष्टी कशा साधाव्या, तें आतां पाहूं.

पहिली गोष्ट कारणाची. ससा मेल्यावर घरांत बहुधा पहिला प्रश्न निघतो तो असा कीं, "काल तर चांगला उड्या मारीत होता, मग आज काय झालें?" त्याचें उत्तर सशाच्या जातींतच आहे. ससा हा इतरांची शिकार होणारा प्राणी. रानांत जो दुबळा दिसतो त्यास कोल्हा किंवा ससाणा प्रथम टिपतो; म्हणून आजार लपविण्याची बुद्धि सशास निसर्गानेंच दिलेली आहे. तो कण्हत नाहीं, विव्हळत नाहीं. कोपऱ्यांत गप्प बसतो आणि खाणें कमी करितो, एवढीच काय ती खूण. त्याचें पोट सतत चालू राहावें लागतें. कोणत्याहि कारणानें त्यानें चारा सोडला म्हणजे आंतडीं मंदावतात, पोट फुगतें, आणि मग त्यास वांचविणें कठीण होतें. दहाबारा तास ससा कांहींच खात नसेल तर तो मोठा धोका समजून तत्काळ पशुवैद्याकडे न्यावा.

दुसरें कारण दांतांचें. सशाचे दांत जन्मभर वाढत असतात. गवत व वाळलेला चारा चावून चावून ते झिजतात. केवळ गाजरें, पोळी किंवा बिस्किटें ह्यांवर ठेवलेल्या सशाचे दांत वाढून त्यास खातांच येईनासें होतें. चित्रांत ससा नेहमीं गाजर खातांना दाखवितात, परंतु गाजर हा त्याचा खाऊ होय, जेवण नव्हे. तिसरें कारण उष्णतेचें. माणसास घाम येऊन अंग थंड होतें; सशास तशी सोय नाहीं. आपले लांब कान हेंच त्याचें उष्णता बाहेर टाकण्याचें मुख्य साधन. उष्णतेचा पारा ३० अंशांच्या वर गेला म्हणजे त्याचे हाल होऊं लागतात. आणि आपल्याकडे चैत्र-वैशाखांत तो पुष्कळ ठिकाणीं ४० अंशांच्याहि वर जातो. पत्र्याच्या छपराखालीं ठेवलेला पिंजरा दुपारच्या वेळीं भट्टी बनतो.

चांगली निगा ठेवल्यास पाळीव ससा साधारण आठ ते बारा वर्षें जगतो. ऑस्ट्रेलियांतील टास्मानिया बेटावरचा एक ससा तर अठरा वर्षांहून अधिक जगून इ. स. १९८३ मध्यें मेला. तेव्हां एकदोन वर्षांतच ससा मेला म्हणजे "आमच्या हातून काय चुकलें?" हा प्रश्न मुलास टोंचतो. येथें पालकांनीं फार सावधपणें बोललें पाहिजे. कारण ठाऊक असल्यास तें खरें सांगावें. ऊन लागलें असेल तर ऊन लागलें असें म्हणावें, व पुढें काय करावयाचें तें मुलासह ठरवावें. परंतु न कळणें आणि न जपणें ह्या दोन गोष्टी एक नव्हेत, हेंहि त्यास समजावून द्यावें. जो प्राणी आपलें दुखणें जाणूनबुजून झांकतो, त्याचें दुखणें दहा वर्षांच्या मुलास ओळखूं आलें नाहीं, ह्यांत त्या मुलाचा अपराध काय?

आतां मुलाच्या समजुतीकडे वळूं. हंगेरीच्या बुडापेस्ट शहरांतील तीन ते दहा वर्षांच्या मुलांस मृत्यूविषयीं काय वाटतें, ह्याचा अभ्यास मारिया नागी नांवाच्या विदुषीनें केला, तो इ. स. १९४८ मध्यें प्रसिद्ध झाला. पांच वर्षांखालील मुलांस मृत्यु म्हणजे एक प्रकारची झोंप किंवा प्रवास वाटतो. गेलेला परत येईल अशी त्यांची समजूत असते. पांच ते नऊ ह्या वयांत मृत्यु म्हणजे कोणी एक व्यक्ति आहे, तिच्यापासून पळतां येईल, असें कित्येकांस वाटतें. नवव्या वर्षाच्या सुमारास मृत्यु सर्वांस आहे व तो परत फिरत नाहीं, हें ध्यानांत येऊं लागतें. पुढील अभ्यासकांनीं ह्या वयोमर्यादा इतक्या कांटेकोर नसतात असें दाखविलें. ज्या मुलानें मृत्यु जवळून पाहिला त्यास ही समज लवकर येते. तात्पर्य, एकाच घरांतील तीन मुलें एकाच सशाच्या मृत्यूचे तीन निराळे अर्थ लावीत असतात. धाकटा रोज विचारील, "तो उद्यां येईल ना?" त्यावर रागावूं नये. तितक्याच वेळां शांतपणें तेंच उत्तर द्यावें.

आणि उत्तर खरें द्यावें. "ससा झोंपला" असें सांगितलेलें मूल रात्रीं स्वतः झोंपावयास भितें. "देवानें नेला, कारण तो देवाला आवडला" असें सांगितलेलें मूल, पुढचा आवडता कोण, आई कीं धाकटी बहीण, ह्या विचारानें कासावीस होतें. आणि "ससा पळून गेला" ही थाप तर सर्वांत वाईट. तिचा परिणाम आम्हीं डोळ्यांनीं पाहिला आहे.

पांचवींतील एका विद्यार्थ्याचा ससा रात्रींतून मेला. मुलगा उठण्यापूर्वींच वडिलांनीं त्यास परसांत पुरलें, आणि मुलास वाईट वाटूं नये म्हणून "पिंजऱ्याचें दार उघडें राहिलें, ससा पळाला," असें सांगितलें. हेतु मायेचाच होता. मुलगा रडला नाहीं, म्हणून घरच्यांस हायसें वाटलें. पुढें दिवाळीच्या सुटींत काय करणार ह्या विषयावर वर्गांत निबंध लिहावयास दिला असतां त्यानें लिहिलें कीं, आपण ह्या वर्षीं आजोळीं जाणार नाहीं. कारण ससा परत आला तर त्यास चारा घालावयास कोणी पाहिजे. रोज संध्याकाळीं अंगणांत लसूणघासाची एक पेंडी ठेवण्याचा त्यानें क्रम धरिला होता. शेवटीं त्यानें एक वाक्य लिहिलें होतें: त्या रात्रीं पिंजऱ्याची कडी लावण्याचें काम माझें होतें.

आम्हीं ती वही त्याच्या वडिलांस दाखविली. त्यांनीं ती दोनदां वाचली, व त्याच दिवशीं मुलास परसांतील पेरूच्या झाडाखालीं नेऊन खरी गोष्ट सांगितली. मुलगा पुष्कळ वेळ रडला. रडणें ओसरल्यावर त्यानें जें विचारलें तें त्याच्या वडिलांनीं आम्हांस मागाहून सांगितलें: "मग बाबा, कडी मीं उघडी ठेवली नव्हती ना?" ज्या थापेनें त्याचें दुःख वांचवावयाचें होतें, तिनें त्याच्या माथीं महिनाभर एक अपराध ठेविला होता. त्या दिवाळींत तो आजोळीं गेला.

म्हणून पालकांस आमची विनंति अशी आहे. ससा मेला म्हणजे "मेला" हाच शब्द वापरावा. त्याचें अंग आतां हलत नाहीं, त्यास भूक लागत नाहीं, त्यास दुखत नाहीं, आणि तो परत येणार नाहीं, ह्या चार गोष्टी साध्या शब्दांत सांगाव्या. मूल पाहूं इच्छीत असेल तर त्यास पाहूं द्यावें. नको म्हणत असेल तर आग्रह करूं नये. "तो आतां कोठें आहे?" असें विचारील तेव्हां प्रत्येक घरानें आपल्या श्रद्धेप्रमाणें उत्तर द्यावें, परंतु ज्यावर आपला स्वतःचा विश्वास नाहीं असें कांहीं केवळ गप्प बसविण्याकरितां रचून सांगूं नये. "मलाहि ठाऊक नाहीं" हें उत्तर मूल समजूं शकतें. वडिलांच्या डोळ्यांत पाणी आलें तर तें लपविण्याचेंहि कारण नाहीं.

निरोप देण्याची कांहीं रीत असावी. जागा असल्यास विहिरीपासून दूर, निदान दोन हात खोल खड्डा करावा, म्हणजे कुत्रीं उकरीत नाहींत. स्वच्छ फडक्यांत गुंडाळून मुलाच्या देखत पुरावें. वर एखादें रोप लावावें. शहरांत चाळींत किंवा सदनिकेंत राहणाऱ्यांनीं काय करावें, तें पशुवैद्यास विचारावें. परंतु मुलाच्या डोळ्यांदेखत कचऱ्याच्या पेटींत टाकूं नये. त्यानंतर वहींत सशाचें नांव, त्याचा रंग, त्याच्या खोड्या, तो आला तो दिवस व गेला तो दिवस लिहून ठेवावयास मुलास सांगावें. कूपरानें केलें तें एवढेंच होतें.

घरांत दोन ससे असून एक मेला असेल, तर उरलेल्याचा विसर पडूं देऊं नये. जोडीनें राहिलेले ससे एकमेकांस चाटतात, एकमेकांस टेकून निजतात. जोडीदार एकाएकीं नाहींसा झाला म्हणजे उरलेला त्यास शोधूं लागतो, कोपऱ्यांत बसून राहतो, चारा सोडतो. ससे पाळणारे जाणते लोक सांगतात कीं, साथीचा रोग नसल्यास मेलेल्या सोबत्यास थोडा वेळ त्याच्याजवळ ठेवावें. हुंगून पाहिल्यावर पुष्कळदां त्याचें शोधणें थांबतें. त्याच्या खाण्यावर मात्र पहारा ठेवावा, कारण उपास सशास सोसत नाहीं. ही देखरेख मुलाकडेच सोंपवावी असें आम्ही सुचवितों. ज्याचें स्वतःचें मन भरून आलें आहे त्यास दुसऱ्या दुःखी जिवाची काळजी घ्यावयास मिळाली, तर त्याहून चांगलें औषध नाहीं.

नवा ससा केव्हां आणावा? दुसऱ्याच दिवशीं आणूं नये. तसें केल्यानें मुलास असा अर्थ लागतो कीं, गेलेला ससा म्हणजे फुटलेली कपबशी. एक गेली, दुसरी आणली. मूल स्वतः मागेपर्यंत थांबावें, आणि आणल्यास त्यास जुन्याचें नांव देऊं नये. दुःख किती दिवस चालावें ह्याचाहि कांहीं नेम नाहीं. एलिझाबेथ कुब्लर-रॉस ह्या डॉक्टरीणबाईंनीं इ. स. १९६९ मध्यें नाकारणें, राग, विनवणी, खिन्नता व स्वीकार अशा पांच अवस्था वर्णिल्या, त्या लोकांच्या तोंडीं फार झाल्या आहेत. परंतु त्या मुळांत मरणोन्मुख रोग्यांविषयीं होत्या. प्रत्येक शोक करणाऱ्यानें त्या पायऱ्या क्रमानें चढाव्या असा त्यांचा अर्थ नव्हे. मूल सकाळीं रडेल, दुपारीं खेळेल, आणि रात्रीं पुन्हां रडेल. त्याचें खेळणें खोटें नसतें, आणि रडणेंहि खोटें नसतें. मात्र कित्येक आठवडे तें नीट जेवेना, झोंपेना, शाळेचें नांव काढलें कीं घाबरूं लागलें, किंवा "मलाहि मरून सशाकडे जायचें आहे" असें बोलूं लागलें, तर तें हंसण्यावारीं नेऊं नये. त्याच्याशीं बोलावें, आणि विनाविलंब डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

शेवटीं विद्यार्थिमित्रांनो, तुम्हांस दोन शब्द. तुमचा ससा, पोपट, मांजर किंवा कुत्रा मेला आणि तुम्हांस रडूं आलें, तर तुम्ही लहान आहां म्हणून तें आलें असें समजूं नका. तुम्हीं जीव लावला म्हणून तें आलें. दुःखानें मन कडू करून घेऊं नका. कूपरानें आपल्या सशांचे स्वभाव जवळून पाहिले, आणि त्याचा एक परिणाम असा झाला कीं, सशांची शिकार हा ज्या समाजांत मानाचा खेळ होता, त्यांत राहून त्यास त्या खेळाचा तिटकारा आला. एका प्राण्यावरील माया त्याच्या सर्व जातीवर पसरली. तुमच्याहि हातून असें होवो. रस्त्यावरील तहानलेल्या जनावरापुढें पाण्याचें भांडें ठेवतांना तुमच्या गेलेल्या सोबत्याची आठवण झाली, तर ती आठवण सत्कारणीं लागली असें समजा.

आणि उद्यां वर्गांतील एखादा सोबती सुजलेल्या डोळ्यांनीं आला, व त्याचा ससा मेला असें कळलें, तर हंसूं नका. "दुसरा आण" असेंहि म्हणूं नका. त्याच्या शेजारीं बसा, सशाचें नांव काय होतें तें विचारा, आणि तो जें सांगेल तें शेवटपर्यंत ऐका.